बागकाम प्रश्नोत्तरे : सोलापूरच्या काळ्या मातीत थंडीतली हिरवळ

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या घरासमोर सुमारे 100 चौरस मीटर मोकळी जागा असून तेथील जमीन काळी व भारी आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास या गवतांचे बी मागवून पेरले. फेब्रुवारीपर्यंत हिरवळ उत्तम होती. मार्चअखेर ती पिवळी पडू लागली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही मे महिन्यात पूर्णपणे गेली. अशी हिरवळ येथे कायम टिकवता येईल का?

उत्तर : नाही; आणि त्यात आपल्या निगराणीचा दोष फारसा नाही. ही थंड प्रदेशातील गवते साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढतात. उष्णता वाढली की त्यांचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते आणि तयार झालेले अन्न मात्र श्वसनात अधिक खर्च होते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा 40 अंशांच्या वर जातोच, पण या गवतांना त्याहून जड जातात त्या उबदार रात्री, कारण दिवसभराची झीज भरून काढायला त्यांना थंड वेळच मिळत नाही. त्यातच दिवसातून दोनदा दिलेले पाणी भारी मातीत साचून राहिले, मुळांजवळची हवा कमी झाली आणि गरम, ओल्या मातीत मुळे कुजली असावीत.

माझा स्पष्ट सल्ला असा, की बारमाही हिरवळ हरळीची करावी आणि थंडीतल्या गवताला तिच्यावर चार महिन्यांची जागा द्यावी. हरळी उन्हाला दाद देत नाही आणि आपल्या चुनखडीयुक्त मातीतही तग धरते. थंडीत तिची वाढ मंदावते, तेव्हाच राय गवत (रायग्रास, हेही थंडीतलेच गवत) जोरात असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला हरळीचे ठोंब लावल्यास नोव्हेंबरपर्यंत ती जागा भरून काढते. नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री गार होऊ लागल्या की हरळी दीड-दोन सेंटीमीटर उंचीवर कापावी, दाताळ्याने वाळलेला थर काढून टाकावा आणि दर चौरस मीटरला सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे आपल्या जागेला 4 किलो, राय गवताचे बी पेरावे. निम्मे बी उभे व निम्मे आडवे फेकल्यास उगवण सारखी होते. वरून चाळलेल्या शेणखताचा अगदी पातळ थर द्यावा. उगवण होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, दिवसातून दोन-तीन वेळा हलका शिडकावा करून वरचा थर ओला ठेवावा; त्यानंतर पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात. कापणी करताना पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कधीही काढू नये. फेब्रुवारीच्या शेवटी गवत बुटके कापून नत्रयुक्त खत थांबवावे. राय गवताला तेव्हा जोर दिला, तर त्याच्या सावलीत हरळी कोंडते आणि ते मेल्यावर जमीन उघडी पडते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे : एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हरळीला चार-पाच दिवसांनी सुमारे 20 मिलिमीटर, म्हणजे आपल्या जागेला 2000 लिटर पाणी एका वेळी, पण मातीत मुरेल अशा बेताने सावकाश द्यावे. काळी माती ओल धरून ठेवते. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी याच साठवलेल्या ओलीवर येते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हा गुण मोलाचा आहे आणि रोजच्या वरवरच्या शिडकाव्याने तो वाया जातो. जमीन ओली असताना हिरवळीवर चालू नये, रोलर तर मुळीच फिरवू नये. निचऱ्यासाठी थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण थोड्या वाळूने भारी माती मोकळी होत नाही, उलट कधी कधी अधिकच घट्ट बसते. चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि जागेला घरापासून दूर जाणारा हलका उतार द्यावा.

प्रश्न : आमच्या हरळीची कोवळी पाती पिवळट असून शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. युरिया घालूनही फरक पडला नाही. पाणी बोअरचे आहे.

उत्तर : ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे; नत्र कमी पडले असते, तर पिवळेपणा आधी जुन्या पात्यांवर दिसला असता. चुनखडीच्या मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही आणि बोअरचे जड पाणी त्यात भर घालते. म्हणून फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) मातीत टाकण्यापेक्षा लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात विरघळवून संध्याकाळी पात्यांवर फवारावे आणि दोन-तीन आठवड्यांनी फवारणी पुन्हा करावी. फरशीवर त्याचे तांबडे डाग पडतात, तेवढे जपावे. जमीन सुधारण्यासाठी वापरले जाणारे जिप्सम मात्र माती परीक्षणात सोडियम जास्त आढळल्याखेरीज घालू नये.