टेबलावरची फुले किती उंच असावीत?

प्रश्न : मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या गोल टेबलांवर ताज्या फुलांची सजावट करायची आहे. ती भव्य दिसावी, पण समोरासमोर बसलेल्यांना अडथळा होऊ नये आणि फुले रात्रीपर्यंत टवटवीत राहावीत, यासाठी काय करावे?

उत्तर : आपण पाहुण्यांच्या संभाषणाचा विचार आधी केलात, हे मला फार आवडले. बसलेल्या माणसाची नजर टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ४० ते ५० सेंटिमीटर उंचीवर असते. म्हणून रचना एकतर ३० सेंटिमीटरच्या आत ठेवावी किंवा सडपातळ दांडीच्या उंच पात्रात फुलांचा भार ६० सेंटिमीटरच्या वर न्यावा. मधली उंची मात्र कटाक्षाने टाळावी. भव्यता हवी असल्यास मोजक्या टेबलांवर उंच आणि उरलेल्यांवर बुटक्या रचना ठेवल्यास सभागृह अधिक जिवंत दिसते.

टवटवीतपणा बव्हंशी आदल्या दिवशीच ठरतो. देठ धारदार सुरीने तिरके कापून, पाण्याखाली येणारी पाने काढून, फुले रात्रभर थंड जागी स्वच्छ पाण्यात ठेवावीत. कुजणाऱ्या पानांमुळे पाण्यात जिवाणू वाढतात आणि देठातील जलवाहिन्या तुंबतात. पिकलेली फळे जवळ ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे कार्नेशनसारखी फुले लवकर कोमेजतात. निशिगंध प्रवेशद्वाराशी शोभतो, ताटाशेजारी मात्र त्याचा दरवळ अन्नाच्या वासावर मात करतो. लिली वापरणार असाल, तर कळी उमलताच तिचे परागकोश काढून टाकावेत, अन्यथा टेबलक्लॉथवर न निघणारे डाग पडतात.