एकाच बायबल अभ्यासगटात नवे विश्वासी, जुने विश्वासी आणि शंका विचारणारे असतील, तर सगळ्यांना कसं शिकवावं?

तुमच्या गटात नुकताच बाप्तिस्मा घेतलेले, मंडळीतच लहानाचे मोठे झालेले आणि वचनागणिक शंका काढणारे असे सगळे एकत्र बसतात. एकासाठी बोलावं तर दुसरा कंटाळतो, म्हणून गट वेगळे करावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं असेच मिश्र गट घेतो आणि माझं उत्तर आहे, गट फोडू नका. कोण किती वर्षं मंडळीत आहे, कोण किती शिकलंय, यावरून शिकवण्याची पद्धत ठरवायला जाऊ नका. आज तो माणूस नेमका कुठे अडलाय, हे आधी समजून घ्या.

वर्षांचा हिशोब फसवा असतो. इब्री 5:12 मध्ये ज्यांना उद्देशून लिहिलंय, त्यांनी एव्हाना शिक्षक व्हायला हवं होतं, पण त्यांनाच पुन्हा मुळाक्षरांपासून शिकवायची वेळ आली होती. याउलट नव्याने विश्वासात आलेला माणूस कधी कधी क्षमेविषयी असं काही बोलून जातो की जुने गप्प होतात.

मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वचन म्हणजे 1 थेस्सलनीकाकरांस 5:14. प्रेषित पौल तिथे तीन वेगळ्या माणसांना तीन वेगळ्या गोष्टी द्यायला सांगतो: अव्यवस्थित वागणाऱ्याला ताकीद, खचलेल्याला धीर, अशक्ताला आधार. सहनशीलता मात्र सगळ्यांसाठी. आपल्या मंडळ्यांमध्ये घोटाळा होतो तो इथेच. प्रार्थनेला येणं बंद केलेला माणूस खचलेला असतो आणि आपण त्याला ताकीद देऊन मोकळे होतो. एलिया संदेष्ट्याचं बघा (1 राजे 19). मरण मागत तो झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला शिकवायला सुरुवात केली नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाचा प्रश्न आला तो पुढे, होरेब डोंगरावर. दुःखात असलेल्या विश्वासी माणसाला त्या आठवड्यात एकही मुद्दा शिकवला नाही तरी चालतं. त्याच्या शेजारी बसा.

इसवी सन 590 मध्ये पोप झालेल्या ग्रेगरीने पाळकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात ऐकणाऱ्यांच्या तीसहून अधिक जोड्या दिल्या आहेत: गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि दुःखी, उतावळे आणि मंद, अशा. तो म्हणतो, हलक्या शीळेने घोडा शांत होतो, पण कुत्र्याची पिल्लं त्याच शीळेने चेकाळतात. शिकवण एकच, पण बोध एकसारखा नाही. हे सगळे एकाच वेळी समोर बसलेले असतील तर काय, याचाही विचार त्याने केलाय. गर्विष्ठाला नम्रता अशी सांगावी की भित्र्याची भीती वाढू नये, आणि भित्र्याला धीर असा द्यावा की गर्विष्ठ मोकाट सुटू नये. तुमची अडचण हीच आहे. मिश्र गटात कुठलंही वाक्य बोलण्याआधी मी ही कसोटी लावतो.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं? लूक 15 घ्या. त्यातल्या हरवलेल्या मुलाच्या दाखल्यात धाकटा मुलगा बापाची मालमत्ता उधळून परत येतो आणि मोठा घरीच राबत राहिलेला असतो. हा दाखला आपण बहुतेक वेळा धाकट्यावरच संपवतो. पण अध्यायाच्या पहिल्या दोन ओळींत ऐकणारे कोण होते ते दिलंय. जकातदार आणि पापी लोक जवळ येत होते, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे) आणि शास्त्री कुरकुर करत होते. येशूने त्यांचे दोन वर्ग भरवले नाहीत. दोघांसाठी मिळून गोष्ट सांगितली आणि तिच्यात दोन मुलगे ठेवले. मी हा दाखला घेतो तेव्हा नव्या विश्वासी माणसाला विचारतो, ‘धाकट्याने घरी जाऊन काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं किती बोलून झालं?’ तो वाचत जातो आणि त्याला दिसतं की ‘मला मोलकऱ्यांसारखं ठेवा’ हे वाक्य तोंडातून निघायच्या आतच बापाने झगा मागवलाय. कृपा म्हणजे काय, यावर अर्धा तास बोलूनही जे पोचत नाही ते इथे पोचतं. मग जुन्यांना विचारतो, ‘मोठ्याचं काय चुकलं?’ एकदा मंडळीच्या सेवेत केस पिकलेल्या एक मावशी चटकन म्हणाल्या, ‘काही चुकलं नाही त्याचं. इतकी वर्षं राबला, एक करडूसुद्धा मिळालं नाही.’ सगळे शांत झाले. मी काही सुधारायला गेलो नाही, फक्त पुढचं, बापाच्या उत्तराचं वचन वाचायला सांगितलं: ‘बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस.’ त्यांनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मोठा मुलगा शेवटी आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. तो प्रश्न जुन्यांसाठीच उघडा ठेवलाय, असं मला वाटतं.

शंका काढणाऱ्यांना गप्प करू नका. येशू मेलेल्यांतून उठलाय हे ऐकून त्याचा शिष्य थोमाने ‘मी विश्वास ठेवणारच नाही’ म्हटल्यावरही आठ दिवसांनी तो त्याच घरात शिष्यांबरोबर होता. कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं. आणि येशूने त्याला त्याने मागितलं होतं तेच दाखवलं. पण प्रश्न विचारणारा आणि ज्ञान दाखवणारा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला पहिल्या मंडळीतल्या अपुल्लोस या उपदेशकाचं उदाहरण लागू करा. तो शास्त्रात पारंगत होता, फक्त त्याची माहिती योहानाच्या बाप्तिस्म्यापर्यंतच होती. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभास्थानात सगळ्यांदेखत अडवलं नाही, आपल्याकडे नेऊन नीट समजावलं (प्रेषितांची कृत्ये 18). भरल्या गटात खोडून काढलेला माणूस शिकत नाही, नुसता हट्टाला पेटतो.

इसवी सन 400 च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने (मंडळीच्या सेवकाने) बिशप ऑगस्टीनकडे तक्रार केली होती की नव्यांना शिकवताना त्याला स्वतःचंच बोलणं नीरस वाटतं. ऑगस्टीनने दिलेला सल्ला मला फार मोलाचा वाटतो. हा माणूस कशासाठी आलाय ते आधी विचार. तो शिकलेला असेल तर त्याने काय वाचलंय ते विचार, आणि त्याला ठाऊक असलेलं पुन्हा शिकवत बसू नकोस. उभा राहून थकलेला दिसला तर बसायला दे. आपण शिकवण्याच्या नादात समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाही!

पाठांतराला हसू नका, एवढंच मध्ये सांगतो. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने 1529 मध्ये दोन प्रश्नोत्तरमाला काढल्या, घरच्यांसाठी लहान आणि पाळकांसाठी मोठी. दोन्हींचा गाभा सारखाच होता: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. वाचता न येणाऱ्यांना आणि मुलांना पाठ असलेलं वचन आजारपणात, एकटेपणात हाताशी राहतं.

बैठकीची मांडणी मी नहेम्या 8 वरून घेतली आहे. एज्रा शास्त्र्याने नियमशास्त्र सगळ्यांसमोर वाचलं, पुरुष, स्त्रिया आणि समजू शकणारे सगळेच ऐकत होते. मग लेवी (मंदिराची सेवा करणारे) जमलेल्या लोकांना अर्थ सांगत होते. तसंच करा. उतारा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, म्हणजे ज्याला वाचता येत नाही तो मागे पडत नाही. मग दहा-पंधरा मिनिटं दोघा-तिघांत बसवा, प्रत्येक ठिकाणी एक जुना आणि एक नवा असू द्या. नव्याने आधी बोलायचं, हा नियम मात्र कडक पाळा. नाहीतर जुने विश्वासी प्रेमापोटीच सगळा वेळ खाऊन टाकतात.