फार्माकॉलॉजीच्या पेपरसाठी अँटिव्हायरल आणि वेदनाशामक औषधं लक्षात कशी ठेवायची?

नावांची यादी घोकू नका. प्रत्येक औषध कोणतं एन्झाइम किंवा रिसेप्टर अडवतं, तिथून सुरुवात करा. मी हा विषय शिकवतो, आणि उत्तरपत्रिकेत गुण जातात ते 'का' लिहिलेलं नसतं म्हणून. हर्पिस विषाणूवरचं असायक्लोव्हिर घ्या: त्याला पहिला फॉस्फेट विषाणूचंच थायमिडिन कायनेज जोडतं, म्हणून ते मुख्यतः बाधित पेशीतच सक्रिय होतं. हे एन्झाइम गमावलेला हर्पिस विषाणू त्याला दाद देत नाही. तिथे फॉस्कार्नेट चालतं, कारण त्याला या पायरीची गरजच नाही. एका आकृतीत क्रिया, निवडकपणा आणि प्रतिरोध तिन्ही आले!

वेदनाशामकांत या जोड्या पक्क्या करा:
- अॅस्पिरिन: कॉक्स (वेदना आणि दाह वाढवणारी रसायनं बनवणारं एन्झाइम) कायमचं बंद, प्लेटलेटला केंद्रक नाही, ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणून परिणाम ७ ते १० दिवस
- पॅरासिटामॉलचा अतिरेक: यकृताला इजा, उतारा एन-असिटिलसिस्टीन
- मॉर्फिन: म्यू रिसेप्टर (ओपिऑइड औषधांचा मुख्य रिसेप्टर), उतारा नॅलॉक्सोन

मात्र '-व्हिर' या शेवटावरून क्रिया ठरवू नका. ओसेल्टामिव्हिर न्यूरामिनिडेज अडवतं, रिटोनाव्हिर प्रोटिएज.