कुंडलिकेच्या काठाने कुत्र्याला न्यायचं तर आधी पाण्याची वेळ विचारा

तुम्ही विचारलंय की दोन वर्षांच्या लॅब्रेडोरला रायगडमधल्या कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या काठच्या रानातून दिवसभर फिरवायला नेलं तर चालेल का. जरूर न्या. मी नऊ वर्षं माझ्या गावठी चिंगीसोबत त्या काठाने फिरतोय. फक्त ते 'दिवसभर' सोडून द्या. डिसेंबर-जानेवारीत उजाडताच निघा आणि ऊन चढायच्या आत सावली गाठा.

सगळ्यात आधी नदीचं सांगतो. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती दिसते, कारण मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि तिथून नदीला मिळतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं तेही या सोडलेल्या पाण्यावर. म्हणून आभाळ निरभ्र असलं तरी पात्र चढतं आणि मघाशी कोरडे दिसलेले खडक पाण्याखाली जातात. लॅब्रेडोरला पाणी दिसलं की तो उडी मारणारच. त्या दिवशी पाणी कधी सुटणार हे राफ्टिंगवाल्यांना किंवा काठच्या वाडीत विचारा, आणि पाण्याजवळ हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लांब दोरी असल्याशिवाय त्याला सोडू नका. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून ओढाल तर गळाच आवळेल.

दुसरं म्हणजे ऊन. चिंगी दोन वर्षांची असताना एका मार्चमध्ये मी तिला अकरा वाजेपर्यंत चालवलं. ती शेपूट हलवत मागून येत होती, म्हणून मला वाटलं मजेत आहे. मग एका करंजाखाली बसली ती उठेचना. जीभ रुंद होऊन लालभडक झालेली, लाळ घट्ट, मागचे पाय लटपटत होते. पोटावर, जांघेत पाणी ओतत, पंच्याने वारा घालत अर्धा तास बसलो, मग उचलून गाडीपर्यंत आणली. वाचली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. आणि मालक चालतोय तोवर तोही चालत राहतो. थांबायचं कधी ते आपणच ठरवायचं. तळहात कातळावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

वरच्या अंगाला ताम्हिणीचं अभयारण्य आहे, तिथे कुत्रा नेऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, आणि त्यांतल्या कित्येकांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो आणि त्यांच्याकडून रानातल्या प्राण्यांना लागू शकतो. डिस्टेंपर, रेबीज आणि लेप्टोची लस झाली नसेल तर काठच्या रानातही नेऊ नका. अंधार पडायच्या आत गाडीत बसा. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता.

वाडीजवळ शेळ्या, कोंबड्या असतात, तिथे दोरी आखूड धरा. प्यायचं पाणी घरून न्या आणि दर अर्ध्या तासाने थोडं थोडं पाजा. निघण्याआधी जवळच्या पशुवैद्यांचा नंबर फोनमध्ये घेऊन ठेवा, कारण खोऱ्यात रेंज जाते. आणि घरी पोचल्यावर कितीही दमलात तरी कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का ते बोटाने चाचपून बघा.