डभोईची नॅरोगेज टेबलावर आणायचीये, ट्रॅक कोणता घेऊ?

प्रश्न: गच्चीवरच्या खोलीत ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचा एचओ (खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याचं माप) लेआउट करतोय. मामांनी त्यांचा जुना पितळी ट्रॅक दिलाय, तोच वापरू का नवीन घेऊ? कोड १०० आणि कोड ८३ मध्ये दिसायला खरंच फरक पडतो का? आणि एका कोपऱ्यात आमच्या बडोद्याजवळच्या डभोईची नॅरोगेज दाखवता येईल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: मामांना वाईट वाटेल, पण मेन लाइनला पितळ नकोच. पितळेवर काळपट थर चढतो आणि त्यातून करंट धड जात नाही, मग इंजिन अडखळतं, लाइट लुकलुकतात आणि तुम्ही गाडी चालवायची सोडून रूळ पुसत बसता. साइडिंगला भंगार डबे उभे करायला ठेवा तो. बाकी सगळीकडे निकेल सिल्व्हर (नावातच चांदी, असतं तांबं, निकेल आणि जस्त).

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. आपला मीटरला ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच, एचओत तो साधारण २ मिमी होतो. कोड ८३ म्हणजे २.१ मिमी, म्हणजे जवळजवळ बरोबर, आणि कोड १०० अडीच मिमीच्या वर जातो. पण खरं सांगू, रुळाच्या बाजू गंजाच्या रंगाने रंगवून बारीक खडी टाकली की फरक पटकन कळतही नाही, त्यामुळे मामांच्या जुन्या गाड्यांच्या चाकांच्या कडा खोल असतील तर सरळ कोड १०० घ्या. कर्व्ह २२ इंच त्रिज्येचा ठेवा, १८ वर लांब डबे रडतात.

गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा सांध्यावर. जॉइनर (दोन रूळ जोडणारे तुकडे) काही दिवसांनी ढिले होतात, म्हणून फ्लेक्स ट्रॅकच्या (हवा तसा वाकणाऱ्या ट्रॅकच्या) प्रत्येक तुकड्याला खालून फीडर (करंट पोचवणारी) वायर सोल्डर करा, कंटाळा आला तरी. गच्चीवरची खोली मेमध्ये तापणार, २० डिग्रीने ३ मीटर रूळ १ मिमीच्या आसपास वाढतो, तर सगळे सांधे सोल्डरने बंद करू नका. प्लायला दोन्हीकडून रंग मारा, पावसाळ्यात फुगतो.

डभोईचं जमेल, आणि मस्त जमेल! त्या लाइनच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिमी होतं (१८६२ मध्ये तर बैल ओढायचे, इंजिनाचं बजेट नसलं तरी चालेल), भागिले ८७ केलं की पावणेनऊ मिमी, आणि ९ मिमीचा ट्रॅक तयार मिळतो. उलट ब्रॉडगेजच चुकते, १६७६ चे १९ मिमीच्या वर यायला हवेत आणि एचओ असतो साडेसोळा. फक्त ९ मिमी म्हणून एन गेजचा (एचओपेक्षा लहान मापाच्या मॉडेलचा) ट्रॅक उचलू नका, त्याचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात. एचओईचा (एचओ मापातल्या नॅरोगेजचा) मागा. नाहीच मिळाला तर एन गेजचे एकाआड एक स्लीपर कापा आणि उरलेले मातीत अर्धे बुजवा.