लिफाफ्यावरच्या रेघा काय सांगतात?

प्रश्न : साताऱ्याहून विट्याला स्पीड पोस्टाने कागद पाठवले. लेबलावरच्या बारकोडमध्ये पत्ता असतो का? ट्रॅकिंगमध्ये मध्येच काही काळ लिफाफ्याची नोंद का दिसत नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पत्ता नसतो. रेघांत फक्त खाली छापलेला क्रमांक असतो : दोन अक्षरं, आठ अंक, एक पडताळणीचा अंक आणि शेवटी भारताचं 'आयएन'. पत्ता आणि पिन त्या क्रमांकाला काउंटरवर जोडतात. म्हणून खिडकी सोडण्याआधी पावतीवरचा पिन वाचाच. विट्याच्या ४१५३११ ऐवजी ४१६३१२ पडला, तर संगणकाच्या लेखी लिफाफा तासगावचा होतो.

पडताळणीचा अंक मात्र फार कामाचा. आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. १२३४५६७८ ची बेरीज २०४, बाकी ६, म्हणून अंक ५. (वजाबाकी १० आली तर ०, ११ आली तर ५ धरतात.) हाताने टाइप करताना शेवटचे ७ आणि ८ उलटे पडले, की अंक ३ यायला हवा, चूक तिथेच पकडली जाते.

नोंद थांबते ती थैलीमुळे. लिफाफे स्कॅन करून थैलीत भरतात आणि थैलीला स्वतःचा बारकोड लावतात. पुढे वाटेत थैलीच स्कॅन होते. आतला लिफाफा पुन्हा स्कॅन होतो तो थैली उघडल्यावर.

लेबल सपाट जागी लावा, लिफाफ्याच्या कडेवर दुमडू नका. रेघांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा झाकू नका, वर चकचकीत चिकटपट्टी नको. आडवा ओरखडा एक वेळ चालतो, कारण माहिती रेघांच्या जाडीत आणि अंतरात असते, उंचीत नव्हे. उभ्या घडीने मात्र एखादी रेघ बुजते. जुना लिफाफा वापरत असाल तर आधीचं लेबल काढूनच टाका, नाहीतर स्कॅनर तेच वाचेल.

अमेरिकेतल्या पत्रांवरचा ६५ रेघांचा कोड वेगळा. त्यात रेघा चार प्रकारच्या असतात आणि पोहोचवायच्या ठिकाणाचा झिपकोडही मावतो, त्यामुळे यंत्र थेट त्यावरून पत्रं लावतं.

प्रश्न : विटा सांगली जिल्ह्यात, मग पिन ४१५ ने का?
– एक वाचक, विटा

उत्तर : श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या पिनचे पहिले तीन अंक टपाल वर्गीकरणाचा विभाग दाखवतात, महसुली जिल्हा नव्हे. चिपळूणचा पिनही ४१५६०५ च आहे.