सासूबाईंचे पैसे गेले कुठे?

ताई, माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये त्यांच्या खात्यात यायचे. चार महिने झाले, पासबुकात नोंद नाही. तहसीलला गेलं की म्हणतात, पैसे पडलेत, बँकेत विचारा. बँकेत गेलं की म्हणतात, आमच्याकडे आले नाहीत, तहसीलला विचारा. एसटीला दोघींचं अर्धंच तिकीट लागतं, पण माझी रोजंदारी बुडते. मी लाडकी बहीण घेते, म्हणून तर त्यांचे बंद झाले नसतील? रात्री झोप लागत नाही.
– एक वाचक, चांदवड तालुका

तुमच्या दीड हजारामुळे त्यांचे बंद झाले, हे आधी मनातून काढून टाका. दीड-दीड हजाराच्या दोन योजना एकाच बाईला मिळत नाहीत, एवढाच तो नियम आहे. सासूला श्रावणबाळ आणि सुनेला लाडकी बहीण यात काही गैर नाही.

आता पैशांचं. तहसीलमध्ये निराधारांचं अनुदान बघणाऱ्या संजय गांधी शाखेच्या टेबलावर मी बारा वर्षं बसले, म्हणून सांगते, तुम्हाला दोन्हीकडे मिळालेलं उत्तर बहुधा खरंच आहे. पैसे निघालेत, पण भलत्याच खात्यात. अनुदान आता डीबीटीने, म्हणजे आधार क्रमांकावरून थेट बँक खात्यात येतं. तुम्ही अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिलात ते त्यात बघितलंच जात नाही. आधारशी खाती कितीही जोडलेली असोत, सरकारी पैसे ज्यात पडतात ते खातं एकच असतं, सगळ्यात शेवटी सीडिंग झालेलं, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारला जोडलेलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक आजी पाच महिने खेटे घालत होत्या. शेवटी मी विचारलं, "आजी, मधे कुठे अंगठा दिला होतात का?" त्या म्हणाल्या, "सिम घेतलं तवा पोरानं दोनदा घेतला." दुसऱ्या अंगठ्याला मोबाइलवरचं एक खातं उघडलं गेलं होतं. पाचही हप्ते त्यात जसेच्या तसे पडून होते. ते बघून आजी माझ्या टेबलाशीच खाली बसल्या. तो प्रश्न मी त्यांना पहिल्याच दिवशी का विचारला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी आधारच्या संकेतस्थळावर सासूबाईंचं बँक सीडिंग बघा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि बँकेचं नाव दिसतं. बँक दुसरीच निघाली तर तिथले पैसे काढा. मग आपल्या बँकेत जाऊन नुसतं 'आधार लिंक करा' म्हणू नका, 'डीबीटीसाठी सीडिंग करा' असं म्हणा आणि अर्जाची पोच घ्या. बँक आपलीच दिसली, तर हयातीचा दाखला राहिलाय का ते तहसीलला विचारा. तो वर्षातून एकदा द्यावाच लागतो.

कांदा काढून, निवडून बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, मग मशीनवर अंगठा लागत नाही. अशा वेळी हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघा. मी टेबलावर ओलं फडकं ठेवायचे. पुष्कळदा मधलं बोट लागायचं.

एक मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. श्रावणबाळला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात अनुदान हजाराचं दीड हजार केलं ते चांगलंच झालं, पण मर्यादा होती तिथेच राहिली. २१,००० चा दाखला मागायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाची मान खाली जाते. ते मी रोज बघत होते. ही मर्यादा वाढलीच पाहिजे.

मी सूतगिरणीतून निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन १,१०० रुपये मिळते. त्यामुळे पत्नीची लाडकी बहीण जाईल का? धाकटा मुलगा आयटीआय करून घरी बसलाय, त्याच्यासाठी काही आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

काका, निवृत्तिवेतनाची जी अट आहे ती सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या घरांसाठी. तुमची पेन्शन गिरणीतल्या नोकरीची, ती त्यात धरत नाहीत. सरकारने सप्टेंबर २०१४ मध्ये ठरवलेली १,००० रुपयांची किमान पेन्शन इतकी वर्षं तेवढीच ठेवली, याचा मला मनापासून राग येतो. औषधांचे भाव काही तिथेच थांबलेले नाहीत. हयातीचा दाखला तुम्ही कोणत्याही महिन्यात देऊ शकता, दिल्या दिवसापासून तो वर्षभर चालतो. नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहू नका.

मुलाचं नाव महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नोंदवा. २०२४ च्या अर्थसंकल्पातल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्यांना महिन्याला ८,००० रुपये ठरले. आधी सहा महिने होते, पुढे अकरा केले. ही नोकरी नव्हे, संपल्यावर कायम करण्याचं बंधन कोणावर नाही, हे त्याला आजच सांगा. सरकारी कचेरीत टेबल मिळण्यापेक्षा एखाद्या कारखान्यात मशीनवर जागा मिळत असेल तर ती घेऊ दे. त्याचा हात तिथेच तयार होईल.